‘सेवेशी संबंध नाही’

भारतीय लष्कराच्या पेन्शन नियमांना जोडलेल्या एका परिशिष्टात आजारांची यादी आहे. हवामानामुळे बळावणारे आजार एका गटात, ताणतणावामुळे बळावणारे दुसऱ्या गटात. या दुसऱ्या गटात रक्तदाब आहे, हृदयविकाराचा झटका आहे, पोटातला अल्सर आहे. पण यादीच्या अगदी माथ्यावर आहेत सायकोसिस आणि सायकोन्युरोसिस. फौजेच्या नोकरीचा ताण माणसाच्या मनावर परिणाम करू शकतो, हे सरकारने असे स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. तरीही मनाच्या आजारामुळे ‘बोर्ड आऊट’ होऊन, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या मेडिकल बोर्डाने अपात्र ठरवल्याने, गावी परतलेल्या जवानाच्या घरी रेकॉर्ड ऑफिसकडून जे पत्र येत आले, त्यातला मजकूर ठरलेला: आजार ‘कॉन्स्टिट्यूशनल’, म्हणजे मूळ प्रकृतीतलाच, लष्करी सेवेशी संबंध नाही, सबब डिसेबिलिटी पेन्शन नामंजूर.

या पत्राविरुद्ध अपील करण्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याची सुरुवात दिल्लीत नव्हे, लंडनमध्ये होते.

फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’वर लेख लिहिला. फ्रान्सच्या आघाडीवरून अंगावर ओरखडाही नसलेले शिपाई इस्पितळात येत होते. कुणाची वाचा गेलेली, कुणाची दृष्टी, कुणाचे हातपाय थरथरायचे थांबत नव्हते. जवळ फुटलेल्या तोफगोळ्याच्या हादऱ्याने हे होत असावे, असे आधी वाटले. मग ज्यांच्या आसपास गोळा फुटलाच नव्हता, असेही शिपाई त्याच अवस्थेत येऊ लागले. लष्कराने यावर जो तोडगा काढला तो डॉक्टरी नव्हता, कारकुनी होता. नोंदीत निदानापुढे एक अक्षर लिहायचे. ‘डब्ल्यू’ म्हणजे वुंडेड: शत्रूच्या कारवाईने आजार झाला, बाहीवर जखमेची पट्टी आणि पेन्शनचा हक्क. ‘एस’ म्हणजे सिक: पट्टी नाही, पेन्शनही नाही. पुढे जून १९१७ मध्ये ‘शेल शॉक’ हे शब्द लिहायलाच मनाई झाली. डॉक्टरांनी ‘अद्याप निदान नाही, मज्जाविकार’ एवढेच लिहायचे, मग शिपायाच्या पलटणीकडे एक फॉर्म जायचा आणि हा माणूस खरोखर स्फोटात सापडला होता का, हे त्याचा कमांडिंग ऑफिसर लिहून पाठवायचा. माणूस इस्पितळात, साक्षीदार खंदकात. त्यातला साहेब फॉर्म पोहोचेपर्यंत मारला गेला, तर शिपायाच्या आजाराला साक्षच उरत नसे.

डिसेंबर १९१६ मध्ये ब्रिटनमध्ये पेन्शनचे स्वतंत्र मंत्रालय स्थापन झाले. त्या काळातल्या पेन्शनच्या कागदांत दोन शब्दांना सोन्याचा भाव होता. आजार सेवेमुळे ‘उद्भवला’ की सेवेमुळे फक्त ‘बळावला’? आयव्हर गर्नी हा कवी आणि संगीतकार ऑक्टोबर १९१८ मध्ये सैन्यातून मुक्त झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला दुसरा शब्द आला. युद्धाने त्याचा आजार वाढला, पण युद्धामुळे तो झाला नाही, असा निर्वाळा मिळाला आणि पूर्ण पेन्शनऐवजी आठवड्याला बारा शिलिंग हातावर टेकवले गेले. १९२२ मध्ये त्याला मनोरुग्णालयात दाखल केले. १९३७ साली तो तिथेच वारला.

गर्नी नाव असलेला माणूस होता म्हणून त्याची कथा उरली. बाकीच्यांसाठी सरकारने एक चमत्कारिक व्यवस्था केली होती. मनोरुग्णालयात असलेल्या ज्या माजी शिपायाचा आजार सेवेशी जोडलेला मानला गेला, तो ‘सर्व्हिस पेशंट’. त्याचा खर्च पेन्शन मंत्रालय द्यायचे, त्याला खासगी रुग्णाचा दर्जा, अंगावर इस्पितळाचा नव्हे तर स्वतःचा पोशाख आणि वर आठवड्याला अर्धा क्राउन खर्चायला. ज्याचा दावा फेटाळला, तो त्याच वॉर्डात कंगाल रुग्ण म्हणून राहायचा. डॉक्टर आणि औषध एकच. फरक असायचा तो अंगावरच्या कपड्यांचा.

अपिलाचा रस्ता १९१९ च्या कायद्याने खुला झाला. मंत्रालयाने नकार दिला तर मंत्रालयाच्या बाहेरच्या न्यायाधिकरणाकडे जाता येऊ लागले. तिथे तिघे बसत: एक कायदेतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि एक युद्धात अपंग झालेला माजी सैनिक. त्या काळाच्या मानाने ही रचना फार शहाणपणाची म्हणावी लागेल. पण आजार युद्धाने झाला हे सिद्ध करण्याचे ओझे अर्जदाराच्याच डोक्यावर राहिले. १९२१ मध्ये आणखी एक अट आली, ती म्हणजे सैन्यातून सुटल्यापासून सात वर्षांच्या आत दावा केला पाहिजे. पाय तुटलेल्या माणसाला ही मुदत पुरेशी होती. ज्याची भीतीची स्वप्ने दहाव्या वर्षी परतली, त्याचे काय, याला उत्तर नव्हते. तरीही १९२१ साली ब्रिटनमध्ये मज्जाविकारांसाठी पेन्शन घेणाऱ्यांची संख्या सुमारे ६५ हजार होती, आणि नेमकी हीच संख्या तिजोरीच्या डोळ्यांत सलत होती.

म्हणून दुसरे महायुद्ध तोंडावर आले तेव्हा, १९३९ च्या उन्हाळ्यात, लंडनमध्ये डॉक्टरांची आणि अधिकाऱ्यांची एक परिषद भरली. लॉर्ड हॉर्डर अध्यक्ष होते. युद्ध चालू असेपर्यंत मनोविकारांसाठी पेन्शन देऊच नये, असा सूर तिथे निघाला. पेन्शनची आशा असली की माणूस बरा होत नाही, हे त्यामागचे शास्त्र. हे शास्त्र तुटलेल्या हाताला कुणी लावले नाही.

तीन-चार वर्षांत हे धोरण कोसळले. युद्धकाळातल्या जनमतापुढे आणि माजी सैनिकांच्या संघटनेपुढे सरकार नमले, आणि १९४३ मध्ये नवे राजाज्ञापत्र निघाले. त्यात कळीचा बदल होता. दावेदारावर पुराव्याचे ओझे नसेल, आणि वाजवी शंका असेल तर तिचा फायदा दावेदाराला मिळेल. त्याच वर्षी अपिलाची न्यायाधिकरणे कायद्याने पुन्हा उभी राहिली. या न्यायाधिकरणांवरची अपिले ऐकायला हायकोर्टाचे जे न्यायाधीश नेमले गेले, ते होते आल्फ्रेड डेनिंग. पुढे लॉर्ड डेनिंग म्हणून भारतातल्याही प्रत्येक वकिलाला ठाऊक झालेले. पेन्शन खात्याविरुद्धच्या १९४७ च्या मिलर खटल्यात त्यांनी पुराव्याच्या पातळ्यांची जी व्याख्या केली, ती आजही कायद्याच्या वर्गात शिकवतात. तो खटला एका मृत सैनिकाच्या विधवेच्या पेन्शनचा होता, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते.

आता भारताकडे. पहिल्या महायुद्धात तेरा लाखांच्या आसपास हिंदी माणसे ब्रिटिशांसाठी समुद्रापार गेली. त्यांच्यातले जे हातपाय गमावून परतले त्यांच्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरी तंत्रशाळा निघाली. ती पुढे खडकीला गेली आणि आजही तिथे अपंग जवानांना हातातला धंदा शिकवते. पुण्यात १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्र झाले. मन मोडून परतलेल्यासाठी तंत्रशाळा नव्हती. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या गावांत अशा माणसाला गावाने काय म्हटले असेल, हे सांगायला नको. देवऋषी झाले, नवस झाले, पण पेन्शनचा अर्ज झाल्याचे फारसे ऐकिवात नाही.

स्वतंत्र भारताच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीतला १७३ क्रमांकाचा नियम सरळ होता. सेवेमुळे उद्भवलेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या विकाराने जवानाला घरी पाठवले आणि अपंगत्व किमान २० टक्के ठरले, तर डिसेबिलिटी पेन्शन. १९८२ च्या हक्क-नियमांत तर १९४३ च्या लंडनच्या वळणाचेच शब्द होते. दावेदाराला काही सिद्ध करायला लावायचे नाही, वाजवी शंकेचा फायदा त्यालाच, आणि सीमेवरच्या किंवा जहाजावरच्या सेवेत हा फायदा आणखी सढळ हाताने. शिवाय चौदावा नियम असा: भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही, तो सेवेत उद्भवला असेच एरवी धरायचे. भरतीच्या तपासणीत तो कळणे शक्यच नव्हते, असे डॉक्टरांचे मत असेल तर गोष्ट वेगळी. पण तसे मत ‘कारणे नमूद करून’ द्यायचे.

सगळी लढाई या शेवटच्या तीन शब्दांवर झाली आहे.

मेडिकल बोर्डाचा छापील फॉर्म समोर ठेवला की हे लक्षात येते. त्यात जवानाने कुठे कुठे सेवा केली, त्याचा तक्ता असतो: किती महिने फील्ड, म्हणजे आघाडीच्या भागात, किती पीस, म्हणजे शांत ठाण्यात. मग निदान. मग प्रश्न: हा विकार भरतीपूर्वी होता का? उत्तर बहुधा ‘नाही’. सेवेमुळे उद्भवला का? ‘नाही’. सेवेने बळावला का? ‘नाही’. मग कशामुळे झाला? इथे सुटसुटीत उत्तर: ‘कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर’. भरतीला ठणठणीत होता, सेवेचा काही दोष नाही, तरी माणूस आजारी पडला, असे तीन ओळींत एकमेकांना छेद देणारे म्हणणे त्यात असे आणि खाली सह्या असत. गुडघ्याच्या बाबतीत असा फॉर्म भरायला जड जाते, कारण गुडघ्याचा एक्सरे असतो.

नकाराची किंमत काय, तेही पाहायला हवे. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असा डिसेबिलिटीचा हिस्सा मिळतो, आणि त्याखेरीज सेवेचा हिस्सा वेगळा. पाच-सहा वर्षे नोकरी झालेला जवान स्किझोफ्रेनियाने घरी आला आणि ‘सेवेशी संबंध नाही’ ठरला, तर कित्येक वर्षे त्याच्या हाती एकरकमी ग्रॅच्युइटीपलीकडे काही पडत नसे. दहा वर्षांहून कमी सेवा झालेल्यांना इन्व्हॅलिड पेन्शन, म्हणजे आजाराचा सेवेशी संबंध नसला तरी मिळणारे पेन्शन, मिळू लागले ते २०२० च्या आदेशाने, तेही जानेवारी २०१९ नंतर बाहेर पडलेल्यांना.

आणखी एक गंमत होती, जिला गंमत म्हणवत नाही. मेडिकल बोर्डाने दिलेल्या मताची छाननी अलाहाबादच्या पेन्शन लेखा कार्यालयात होई, आणि तिथे रुग्णाला न पाहता, केवळ कागदांवरून ते मत फिरवले जाई. जानेवारी १९९३ मध्ये एका माजी सॅपरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा चुकीची ठरवली. पुन्हा वैद्यकीय तपासणी न करता हिशेब खात्याने डॉक्टरांच्या मतावर मत देऊ नये, असे न्यायालयाने सांगितले.

नकारानंतर अपिलाच्या पायऱ्या अशा: पहिले अपील, ते फेटाळले तर वरच्या समितीकडे दुसरे. दोन्ही ठिकाणी निर्णय कागदांवर, आणि कागद तेच. त्यानंतर कोर्ट. २००९ पूर्वी हायकोर्टात रिट करावी लागे. २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण आले, ऑगस्ट २००९ पासून काम सुरू झाले, आणि महाराष्ट्र, गोवा व गुजरातच्या जवानांना मुंबईचे खंडपीठ मिळाले. कोकणातल्या किंवा माणदेशातल्या आईला मुंबई तरी गाठता येते.

सर्वोच्च न्यायालयाचा कल मात्र अनेकदा हेलकावला आहे. एप्रिल २००७ मध्ये स्किझोफ्रेनियाने बाहेर पडलेल्या एका लान्स नायकाच्या बाजूने हायकोर्टाने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने उलटवला. मेडिकल बोर्डाच्या मताला मान दिलाच पाहिजे, असे कारण दिले. मग २ जुलै २०१३ हा दिवस आला. धरमवीर सिंग खटल्यातला जवान सिग्नल कोअरमध्ये १९८५ ला भरती झाला होता आणि १९९४ मध्ये फेफऱ्याच्या कारणाने घरी आला होता. बोर्डाचे उत्तर ठरलेले. न्यायालयाने नियम एकेक करून वाचले आणि म्हटले की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर आजार सेवेतला मानायचा, उलट म्हणायचे असेल तर बोर्डाने कारणे द्यायची, आणि ती दिलेली नाहीत. १९८२ चा नियम अर्थपूर्ण व्हायला एकतीस वर्षे लागली.

फेफरे हा मनोविकार नव्हे. पण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढे सिग्नल कोअरच्याच दुसऱ्या एका जवानाचे प्रकरण होते, ते थेट ‘स्किझोफ्रेनिक रिअ‍ॅक्शन’चे. तो १९७२ मध्ये भरती झाला आणि १९७७ मध्ये घरी आला होता. न्यायमूर्तींनी मानसोपचाराचे ग्रंथ, मोदींचा न्यायवैद्यकशास्त्रावरचा ग्रंथ, अगदी इंग्रजी शब्दकोशही काढला. बोर्डाने वापरलेल्या शब्दांचा अर्थ काय आणि ते शब्द कशाच्या आधारावर लिहिले, हे तपासले. आधार सापडला नाही. न्यायालयाने नव्या मेडिकल बोर्डाचा आदेश दिला. छत्तीस वर्षांपूर्वीच्या तरुणाच्या मनाची तपासणी आता म्हाताऱ्या माणसाला समोर बसवून व्हायची होती.

गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी तज्ज्ञांची एक समिती नेमली. जवानांशी सरकार इतके खटले का लढते, हा प्रश्न होता. समितीत दोन निवृत्त लेफ्टनंट जनरल, लष्कराच्या विधी शाखेचे एक माजी प्रमुख, कारगिलमध्ये पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग आणि सैनिकांचे खटले चालवणारे वकील मेजर नवदीप सिंग होते. अहवालात डिसेबिलिटी पेन्शनने मोठी जागा व्यापली. मनोविकाराचे खापर ‘घरगुती ताणा’वर फोडण्याच्या सवयीवरही समितीने बोट ठेवले. घरी जमिनीचा वाद पेटला, मूल आजारी पडले, तर गावातला माणूस दुसऱ्या दिवशी तलाठ्याच्या किंवा डॉक्टरच्या दारात उभा राहतो. बाराशे मैलांवरच्या चौकीतला जवान रजेचा अर्ज टाकतो आणि वाट पाहतो. त्याचा घरगुती ताण आणि त्याची नोकरी या गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

तरी हेलकावा थांबला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये स्किझोफ्रेनियाच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जवानाविरुद्ध निकाल दिला. मानसिक आजार भरतीच्या तपासणीत दिसत नाही, म्हणून ‘नोंद नव्हती’ एवढ्यावरून तो सेवेत उद्भवला असे आपोआप मानता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण मग तो कोणत्याही जवानाच्या कोणत्याही मनोविकाराला लागू होतो, आणि परिशिष्टातल्या त्या यादीचा पहिला क्रमांक नावापुरता उरतो. मे २०२५ मध्ये पुन्हा स्किझोफ्रेनियाचेच प्रकरण आले तेव्हा सर्वोच्च न्यायालय परत त्याच तीन शब्दांपाशी आले. बोर्डाने कारणे दिली नसतील, तर त्याच्या मताच्या बळावर जवानाचे पेन्शन अडवता येणार नाही. दरम्यान सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या हक्क-नियमांच्या जागी नवे निघाले आहेत.

उशिराचा प्रश्न मात्र मनाच्या आजारात वेगळाच असतो. अपिलाची मुदत चालू असते तेव्हा बहुतेकदा रुग्णाला आपण रुग्ण आहोत हेच मान्य नसते. अमेरिकेत १९८० च्या दशकात हा मुद्दा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तिथल्या सामाजिक सुरक्षा खात्याने एक अंतर्गत, कुठेही न छापलेला निकष लावून न्यूयॉर्कमधल्या मनोरुग्णांचे अपंगत्वाचे दावे फेटाळले होते. त्यांच्यातल्या अनेकांनी साठ दिवसांच्या मुदतीत दादच मागितली नव्हती. १९८६ मध्ये न्यायालयाने त्यांची मुदत माफ केली. निकष लपवलेला होता, आणि आजारच असा होता की माणसाला नोटिशीचा अर्थ लागू नये.

भारतात या प्रश्नाला असे थेट उत्तर मिळालेले नाही. पेन्शन दर महिन्याला नाकारले जाते, म्हणून अन्यायही दर महिन्याला नव्याने घडतो, असे कोर्ट मानते. त्यामुळे वीस वर्षांनी केलेला अर्जही केवळ उशीर झाला म्हणून बाद होत नाही. पण २००८ च्या हक्क-नियमांनी पंधरा वर्षांनंतर येणाऱ्या दाव्यात पुराव्याचे ओझे पुन्हा अर्जदारावर टाकले. थकबाकीचेही तसेच. १९८३ मध्ये वैद्यकीय कारणाने घरी आलेला एक जवान सोळा वर्षांनी हायकोर्टात गेला आणि जिंकला. ऑगस्ट २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे पेन्शन कायम ठेवले, मात्र थकबाकी अर्ज करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. आज मुंबईच्या खंडपीठापुढे येणाऱ्या प्रकरणांना हाच हिशेब लागू आहे, मग अर्जावर सही खुद्द जवानाची असो, नाहीतर त्याच्या वतीने त्याच्या बायकोची किंवा भावाची.